अली नदीमचा वर्ग आणि जिमी शर्माचे हॉटेल

विलायतेत जुन्या विनोदी मालिका परत आणण्याची लाट अधूनमधून येत असते. 'हॅनकॉक्स हाफ अवर' दूरचित्रवाणीवर आल्याला साठ वर्षे झाली, हे निमित्त करून बीबीसीने २०१६ साली जुन्या मालिकांचे नवे भाग काढले. 'पॉरिज' ही तुरुंगातली मालिका आजोबांच्या जागी नातू आणून २०१७ मध्ये पुन्हा उभी केली गेली. 'ओपन ऑल अवर्स'मधला पोऱ्या म्हातारा होऊन मामाच्या गल्ल्यावर बसला आणि २०१३ पासून २०१९ पर्यंत बसून राहिला. 'येस, प्राइम मिनिस्टर' २०१३ साली नव्या नटसंचात आली. मूळ मालिका पाहिलेल्यांनी ती नाही पाहिली तरी चालेल. 'फॉल्टी टॉवर्स'चे तर सगळे मिळून बाराच भाग, सहा १९७५ चे आणि सहा १९७९ चे, पण तिचेही पुनरागमन २०२३ मध्ये जाहीर झाले.

काय परत आणावे याच्या याद्या तिकडचे रसिक मोठ्या हौसेने करतात. त्या चाळताना मला दुसऱ्याच मालिका आठवतात. ज्यांत आपल्या रंगाची, आपल्या नावांची माणसे होती त्या. अली, रमजान, मुहम्मद, रशीद. या मालिकांचे काय करायचे हे विलायतेला अजून नीट ठरवता आलेले नाही. काही कपाटात गेल्या, काही विस्मरणात गेल्या, आणि एक कधी गेलीच नाही. त्यांतली कोणती परत यावी, कोणती राहू द्यावी, आणि हे ठरवायचे तरी कोणत्या कसोटीवर, एवढाच या लेखाचा विषय आहे.

कधीच न गेलेली मालिका म्हणजे 'माइंड युवर लँग्वेज'. आपल्याकडे व्हिडिओ कॅसेट, मग सीडी, मग यूट्यूब असा तिचा प्रवास झाला आणि आजही इंग्रजी शिकणारी पोरे ती पाहून पोट धरून हसतात. व्हिन्स पॉवेलने लिहिलेली ही मालिका लंडन वीकएंड टेलिव्हिजनने डिसेंबर १९७७ मध्ये सुरू केली. १९७९ पर्यंत तीन हंगामांत २९ भाग झाले. परदेशी प्रौढांचा रात्रीचा इंग्रजीचा वर्ग, त्यांना शिकवणारे भोळे मिस्टर ब्राऊन (बॅरी एव्हान्स), आणि वर्गात इटालियन, ग्रीक, स्पॅनिश, जपानी, चिनी, फ्रेंच, जर्मन, शीख, आणि आपला पाकिस्तानी अली नदीम. मायकेल ग्रेड या कंपनीच्या अधिकाऱ्याला देशोदेशींच्या माणसांची ही ठोकळेबाज चित्रे आक्षेपार्ह वाटली आणि त्यांनी ती बंद केली. तरी १९८६ मध्ये परदेशी बाजारपेठेच्या जोरावर तिचे आणखी १३ भाग निघाले. म्हणजे इंग्रजांनी लाजून टाकून दिलेली मालिका, जिच्यात ज्यांची थट्टा होती, त्यांच्याच देशांनी उचलून धरली! या गोष्टीचा उलगडा केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिला उलगडा असा की मालिका खरोखरच विनोदी आहे. शब्दांचे घोटाळे नेमके आहेत आणि पॉवेलला इंग्रजीच्या खाचाखोचा ठाऊक आहेत. एका शब्दाचे दोन अर्थ घेऊन तो सगळा वर्ग दोन मिनिटे फिरवतो आणि बरोबर वेळेवर जमिनीवर आदळतो. दुसरे कारण दिनो शफीक. ढाक्यात जन्मलेल्या या नटाने अली नदीम केला. डोक्यावर काळी टोपी, चेहऱ्यावर कायमचा उत्साह, आणि 'एक्स्क्यूज मी'च्या जागी 'स्क्वीझ मी प्लीज'. शफीकचा अली चुकतो तेव्हा चाचरत नाही. पूर्ण आत्मविश्वासाने, जणू हेच बरोबर आहे अशा थाटात चुकतो. मास्तर बोलत असताना त्याचे ऐकणे पाहावे, इतक्या मन लावून कुठल्या वर्गात कुणी ऐकत नसेल. लिहिणाऱ्याने त्याला जे दिले नाही ते, म्हणजे माणसाची अब्रू, ह्या नटाने आपल्या नजरेतून त्यात घातली. तिसरे कारण साधे आहे. लाहोरच्या, मुंबईच्या प्रेक्षकाला वाटते की हा अली आपण नव्हे; आपली इंग्रजी त्याच्यापेक्षा बरी. हसणारा नेहमी एक पायरी वर उभा असतो.

मालिकेच्या बचावाला नेहमी सांगितले जाते की तिने सगळ्यांचीच थट्टा केली, एकट्या अलीची नाही. वरवर पाहता खरे आहे. इटालियन बायकांच्या मागे, जपानी सारखा वाकणारा, जर्मन तरुणी शिस्तीची, शीख रणजित सिंग घडोघडी हजार वेळा माफी मागणारा. पण ज्या मापाने सगळे मोजले जातात ते माप कुणाच्या हातात आहे हे पाहिले पाहिजे. मिस्टर ब्राऊन भोळे आहेत, गोंधळतात, मुख्याध्यापिकेला घाबरतात; पण त्यांची जबान कधी घसरत नाही. वर्गात दहा भाषा बसलेल्या आहेत आणि त्यांपैकी एकही भाषा मास्तरांना येत नाही, याच्यावर विनोद होत नाही. शिवाय हा वर्ग कधी पास होऊ शकत नाही. अलीला इंग्रजी आली की मालिका संपली. म्हणून वर्षानुवर्षे त्याने तिथेच, त्याच बाकावर, तेच चुकत बसायचे आहे.

आणखी एक बाब मला पहिल्यापासून टोचत आली आहे. अली आणि रणजित सिंग सतत भांडतात, धर्मावरून, देशावरून, आणि गोरा मास्तर त्या दोघांच्या मध्ये पडून शांत करतो. १९७७ साल, फाळणीला तीस वर्षे झालेली. पंजाब कुणी कसा कापला हे विसरून गेलेल्या प्रेक्षकासमोर इंग्रज पुन्हा एकदा समजूतदार पंच म्हणून उभा राहतो, आणि लोक हसतात. पॉवेलच्या मनात इतके काही नसावे. त्याला दोन भांडखोर हवे होते एवढेच. पण विनोदात न विचार करता जे येते तेच समाजाच्या पोटातले असते.

आपल्याकडे हे का दुखावे, ते या अंकाच्या वाचकाला फोड करून सांगायला नको. मराठी नाटक-सिनेमात मुसलमान पात्र आले की त्याच्या तोंडी 'हमारेकू तुमारेकू' आलेच म्हणून समजावे. दापोली-चिपळूणकडचा मुसलमान घरात पिढ्यान्‌पिढ्या जी कोकणी मराठी बोलतो, ती रंगभूमीवर त्याच्या तोंडी क्वचितच येते. आणि सभेत उभा राहून आपण चार वाक्ये शुद्ध मराठीत बोललो की कुणीतरी जवळ येऊन कौतुकाने म्हणतेच, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. मिस्टर ब्राऊन यांचाही चांगलाच होता.

दूरदर्शनने १९९३ मध्ये 'जबान संभालके' काढली, तेव्हा या काट्याचा दुसऱ्या बाजूने प्रत्यय आला. तिथे पंकज कपूर हिंदीचे मास्तर होते आणि वर्गात एक मराठी गृहस्थही होते, विजू खोटे यांनी रंगवलेले. अली नदीमच्या इंग्रजीला हसलेल्या मराठी प्रेक्षकाला तिथे स्वतःची हिंदी ऐकावी लागली. तो त्यालाही हसला, हे त्याच्या पदरात टाकले पाहिजे. तरी पंकज कपूर यांच्या मास्तरांत ब्राऊनसाहेबांपेक्षा एक मोठा फरक होता: ते स्वतःच परिस्थितीने गांजलेले, मनासारखी नोकरी न मिळालेले होते. माप त्यांच्या हातात होते खरे, पण हात थरथरत होता.

'माइंड युवर लँग्वेज' परत आणू नये असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण ती वाईट आहे हे नव्हे. ती हवी तेव्हा मिळते, तिला परत आणण्याची गरजच नाही. नव्याने करायला घेतली तर शफीक कुठून आणणार? १९८६ च्या भागांत अली नाही, कारण दिनो शफीक १९८४ सालीच गेले होते. ते भाग पाहावेत म्हणजे कळते की त्या वर्गाचा प्राण कोणत्या बाकावर बसत होता.

कपाटात गेलेल्या मालिकांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि त्यांचे धागे चमत्कारिक रीतीने आपल्या मुलखात येऊन पोचतात.

'करी अँड चिप्स' घ्या. १९६९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिचे सहा भाग दाखवले गेले आणि नियामक मंडळाच्या आक्षेपामुळे ती थांबली. लेखक जॉनी स्पाइट. कारखान्यात कामाला येणारा नवा मजूर केव्हिन ओग्रेडी, अर्धा आयरिश अर्धा पाकिस्तानी, आणि ती भूमिका चेहऱ्याला तपकिरी रंग फासून करणारा नट स्पाइक मिलिगन. हा मिलिगन १९१८ साली अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) जन्मला आणि पुण्यात शाळेला गेला. आयरिश फौजी बापाचा हा मुलगा. पुढे ब्रिटिश पासपोर्टवरून सरकारशी बिनसल्यावर त्याने आयरिश नागरिकत्व घेतले. आपण नेमके कुठले, हा प्रश्न त्याला जन्मभर होता. त्यामुळे अर्ध्या-अर्ध्या ओग्रेडीत त्याला स्वतःचे काही दिसले असेल, असे मानायला जागा आहे. पण पडद्यावर जे उतरले ते रंग फासलेला साहेब, आणि त्याच्याभोवती शिव्यांचा पाऊस. कारखान्यातला काळा कामगारही पाकिस्तान्याला नावे ठेवतो, हा त्यातला एकच खरा तिखट विनोद. १९७५ मध्ये मिलिगनने 'द मेल्टिंग पॉट'मध्ये तोच प्रकार पुन्हा केला. त्याचा एकच भाग दाखवून बीबीसीने बाकीचे ठेवून दिले. ते राहू द्यावेत.

स्पाइटचीच 'टिल डेथ अस डू पार्ट' मात्र वेगळ्या तोलाची आहे. १९६५ च्या नमुना भागापासून १९७५ पर्यंत, मध्ये खंड घेत, ती चालली. लंडनच्या गरीब वस्तीतला आल्फ गार्नेट, काळ्यांना, ज्यूंना, बाहेरून आलेल्या सगळ्यांना शिव्या घालणारा, राणीचा भक्त, घरात बायको-मुलगी-जावयासमोर सतत तोंडघशी पडणारा. वॉरन मिचेल हा स्वतः ज्यू असलेला नट त्याला उभा करतो. स्पाइटला द्वेषाची खिल्ली उडवायची होती, आणि लाखो लोकांनी त्याच आल्फला आपला माणूस मानले. "त्या परक्यांना छान झोडपलेत" असे सांगायला येणाऱ्यांना, आम्ही तुमच्यासारख्यांना झोडपतो आहोत, असे सांगून मिचेल थकले. ही मालिका मी परत मागेन. आल्फ अजून जिवंत आहे, फक्त लंडनात नाही, आणि ओळखायचा असेल तर समोर पाहावा लागतो. दुर्दैवाने तिचे बरेच भाग बीबीसीने टेप पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले. हरवलेला एक भाग २०१६ मध्ये नव्या नटांना घेऊन बसवला गेला. प्रयत्न प्रामाणिक होता, पण मिचेलच्या घशातली ती चरचर कागदावर लिहून ठेवता येत नाही.

आता देवळाली.

'इट एन्ट हाफ हॉट, मम' या नावाचा आपल्या भाषेत भावार्थ करायचा तर 'आई गं, काय हा उकाडा!' असा होईल. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांची ही मालिका बीबीसीवर १९७४ ते १९८१ अशी आठ हंगाम आणि ५६ भाग चालली. काळ दुसऱ्या महायुद्धाची अखेर, स्थळ नाशिकजवळची देवळाली छावणी, पात्रे तोफखान्याच्या करमणूक पथकातले गोरे शिपाई. पेरी स्वतः रॉयल आर्टिलरीत होते आणि देवळालीच्या अशाच पथकात त्यांनी काम केले होते. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई इथे महिनोन्‌महिने पडून राहत, उन्हाने आणि रिकामपणाने त्यांची डोकी फिरत. त्यातून इंग्रजीत 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग रुजला. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्रज वेड लागलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतो आणि त्याला नाशिक रोडच्या पलीकडचे हे गाव ठाऊक नसते.

या छावणीत तीन देशी माणसे आहेत. बेअरर रंगी राम, चहावाला मुहम्मद, पंखावाला रमजान. रंगी राम हे मुख्य पात्र केले मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, तोंडाला रंग लावून. मुख्यतः याच कारणासाठी बीबीसीने ही मालिका पुढे बहुतेक बाजूलाच ठेवली. आक्षेप रास्तच आहे. पण बेट्स झाशीला जन्मलेले, युद्धात गुरख्यांच्या पलटणीत अधिकारी राहिलेले आणि हिंदुस्थानी सफाईने बोलणारे होते, हेही नोंदवले पाहिजे. त्यांचा रंगी राम 'आम्ही ब्रिटिश' अशी भाषा करतो, आपल्याच माणसांवर साहेबी गाजवतो, आणि साहेबांना हळूच बनवतो. साहेबापेक्षा साहेब झालेला हा नोकर आपण काय पाहिलेला नाही? त्याला तोंड काळे न करता एखाद्या देशी नटाने केला असता तर तो पडद्यावरच्या वसाहती गुलामीचा मोठा नमुना ठरला असता. नट लंडनात नव्हते असे नाही. त्याच मालिकेत दोघे होते, बाजूच्या कामांत.

त्या दोघांकडे पाहावे. चहावाला मुहम्मद म्हणजे पुन्हा आपले दिनो शफीक. दर भागाच्या शेवटी श्रेयनामे चालू असताना तो 'लँड ऑफ होप अँड ग्लोरी' हे साम्राज्याचे गौरवगीत आळवू लागतो, आणि पलीकडून सार्जंट मेजर गरजतो, "शट अप!" पेरी-क्रॉफ्ट यांनी हा गमतीचा शेवट म्हणून बसवला असेल. पण पाहा: अख्ख्या छावणीत साम्राज्याचे गाणे मनापासून गाणारा उरतो एक चहावाला, आणि साम्राज्यच त्याला गप्प बसवते. यापेक्षा जास्त काय सांगायचे असते?

आणि पंखावाला रमजान, बाबर भट्टी. बाहेर बसून पंख्याची दोरी ओढणारा, कुणी न विचारता उर्दूत शेरे मारणारा. रंगी राम त्याला दटावतो, तो थोडा थांबतो, पुन्हा बोलतो. स्टुडिओत बसलेल्या इंग्रज प्रेक्षकाला त्याचे शब्द कळत नव्हते. तो आवाजाला आणि दटावणीला हसत होता. आपल्याला मात्र शब्द कळतात. त्यामुळे आपण हसतो ते वेगळ्या जागी. एकच मालिका, पण ओसरीवर बसलेल्याला वेगळी ऐकू येते.

म्हणून देवळालीची मालिका कात्री न लावता दाखवावी असे मला वाटते. सुरुवातीला दोन वाक्यांची सूचना टाकायची असेल तर टाकावी. रंगी रामच्या रंगाची लाज इंग्रजांना वाटते ती त्यांनी बाळगावी. पण त्या लाजेपायी शफीक आणि भट्टी यांचे कामही त्याच पेटीत बंद होते, याचा विचार कुणी केल्याचे दिसत नाही. झाकणाऱ्याची चूक झाकली जाते, आणि ज्याच्यावर ती झाली तोही झाकला जातो.

विस्मरणात गेलेली मालिका सर्वांत शेवटी घेतली, कारण माझ्या यादीत ती सर्वांत वर आहे. 'तंदूरी नाइट्स', चॅनल फोर, १९८५ ते १९८७, दोन हंगाम, बारा भाग. लेखक फारुख धोंडी, जन्म १९४४, पुण्याचे. पुण्यावरच्या आठवणींचे 'पूना कंपनी' हे त्यांचे पुस्तक काही वाचकांना ठाऊक असेल. लंडनात जिमी शर्मा या गृहस्थाचे हॉटेल आहे, नाव 'द ज्वेल इन द क्राउन'. त्याचा जुना वेटर रशीद नोकरी सोडतो आणि समोरच्याच बाजूला आपले हॉटेल थाटतो, नाव 'द फार पॅव्हिलियन्स'. १९८४ मध्ये याच दोन नावांच्या, राजवटीच्या आठवणींत न्हालेल्या बड्या मालिका विलायतेत गाजल्या होत्या. साहेब हस्तिदंती खुर्चीत बसून गतवैभवाचे उसासे टाकत होता, तेव्हा धोंडींनी ते उसासे कोंबडीच्या रश्श्याच्या पाट्यांवर रंगवले. या एका युक्तीसाठी मी त्यांना सलाम करतो.

जिमी झाले सईद जाफरी. घरात झोहरा सेहगल, आणि मुलीच्या भूमिकेत रिटा वुल्फ, जी त्याच वर्षी जाफरींबरोबर 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट'मध्ये दिसली. इथे भांडण मालक आणि नोकराचे आहे, धंद्याचे आहे, मानापमानाचे आहे. शर्मा आणि रशीद ही नावे समोरासमोर आहेत, पण ब्राऊनसाहेब मध्ये नाहीत. कुणी समजूत घालायला येत नाही. गोरा माणूस इथे फार तर गिऱ्हाईक. जिमी लबाड आहे, बढाईखोर आहे, कंजूष आहे. पण तो तसा आहे तो जिमी म्हणून. अली नदीमला सगळ्या पाकिस्तानचे ओझे डोक्यावर घेऊन चुकावे लागत होते. जिमीला एकट्याच्याच चुका करायची मुभा मिळाली. ही मुभा मिळणे म्हणजेच लेखणी आपल्या हातात येणे, अशी माझी समजूत आहे.

धोंडी १९८४ पासून १९९७ पर्यंत चॅनल फोरच्या बहुसांस्कृतिक विभागाचे संपादक होते. 'डेझमंड्स' ही पेकममधल्या कॅरिबियन न्हाव्याच्या दुकानाची मालिका त्याच काळातली, ट्रिक्स वॉरेलने लिहिलेली. १९८९ ते १९९४ मध्ये तिचे ७१ भाग झाले. तिचे नाव आज सन्मानाने घेतले जाते. 'तंदूरी नाइट्स'चे नाव विनोदी मालिकांच्या याद्यांत शोधावे लागते. पुढे १९९८ मध्ये 'गुडनेस ग्रेशस मी' आली, तिने इंग्रजी जेवण जेवायला निघालेली देशी टोळी दाखवून सगळ्या देशाला हसवले, आणि लोकांना वाटले की देशी माणसाने स्वतः लिहिलेला विनोद तिथून सुरू झाला. तेरा वर्षे आधी तंदूर पेटलेला होता.

'सिटिझन खान'चा उल्लेख टाळता येणार नाही. आदिल रे यांची ही मालिका २०१२ ते २०१६ बीबीसीवर चालली. बर्मिंगहॅममधले स्वयंघोषित समाजनेते मिस्टर खान, टोपी, दाढी, जुनी गाडी. पहिल्या भागानंतर धर्माचा अवमान झाल्याच्या तक्रारी गेल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच आपल्याच लोकांच्या होत्या. मला ती मालिका मध्यम वाटते. विनोद सत्तरच्या दशकातल्या इंग्रजी घरगुती मालिकांच्या साच्यातून काढलेले. पण तक्रारींशी मी सहमत नाही. प्रत्येक मोहल्ल्यात एक मिस्टर खान असतो, जो मशिदीच्या कमिटीत असल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. त्याला हसायचा हक्क सर्वांत आधी त्याच्या मोहल्ल्याला आहे. इंग्रज हसेल म्हणून आपण हसायचे नाही, असे ठरवले तर आपल्या विनोदाची चावी पुन्हा इंग्रजाच्याच खिशात जाते.

विलायतेतल्या एखाद्या वाहिनीला जुन्या मालिका परत आणायच्याच असतील, तर 'तंदूरी नाइट्स'चे बारा भाग आधी दाखवावेत. नव्याने करू नयेत. जाफरी २०१५ साली गेले, झोहराआपा त्याआधी वर्षभर, १०२ वर्षांच्या होऊन. त्यांच्या जागी कुणाला उभे करणार? आणि नव्याने काही करायचेच असेल तर देवळालीची मालिका करावी, ओसरीवरून. आत गोरे शिपाई नाचगाण्याची तालीम करत आहेत, मेजर ओरडतो आहे, ते सगळे दारातून दिसेल तेवढेच दिसावे. बाहेर रमजान दोरी ओढतो आहे, मुहम्मद किटली घेऊन बसला आहे, आणि दोघे बोलत आहेत. रमजान कदाचित भगूरचा असेल, त्याला मराठी येत असेल. छावणी अजून आहे, तोफखान्याचे शिक्षणकेंद्रही तिथेच आहे. लिहायला कुणीतरी बसले पाहिजे.